फिश टँकची वीज: स्पाइक गार्ड, स्वतंत्र पॉइंट की कमी व्होल्टेजची साधनं?

नवा टँक घेणारा माणूस दुकानात विजेबद्दल एकच प्रश्न विचारतो, "आमच्या बोर्डाला लोड झेपेल ना?" दुकानदार म्हणतो, "काही नाही हो, बिनधास्त लावा." लोडपुरतं पाहिलं तर त्याचं म्हणणं बरोबर असतं. तो हिशेब आधी उरकून घेऊ.

दोन फुटी टँक धरा, 60 बाय 30 बाय 36 सेंटिमीटरचा. खडी-दगड घातल्यावर त्यात 55 लिटरच्या आसपास पाणी राहतं. त्याला 100 वॅटचा हीटर, 5 वॅटचा मागे टांगायचा फिल्टर, 3 वॅटचा एअर पंप आणि 18 वॅटचा एलईडी लाइट लागतो. बेरीज 126 वॅट, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर. आता 240 लिटरचा चार फुटी टँक घ्या. हीटर 300 वॅट, कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) 25, लाइट 40, यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) 9, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) 6, एअर पंप 5. बेरीज 385 वॅट, पावणेदोन अँपिअरच्या आत. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर 1380 वॅटपर्यंत लोड चालतो. हे दोन्ही टँक एकाच सॉकेटवर घेतले तरी त्याच्या निम्म्यापर्यंत पोचत नाहीत.

घोटाळा शेजारच्या उपकरणामुळे होतो. चार फुटी टँकच्या एक्सटेन्शन बोर्डावर कुणी 1000 वॅटची इस्त्री लावली की बेरीज 1385 होते आणि मर्यादा ओलांडली जाते. इलेक्ट्रिक किटली किंवा रूम हीटर लावला तर विचारायलाच नको. म्हणून पहिला नियम असा, की टँकच्या बोर्डावर टँकखेरीज काहीही लावायचं नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. आज चार्जरला जागा दिली की उद्या तिथे इस्त्री येते.

## सहा हजार आणि तीस

लोडचा हिशेब असा पटकन सुटतो, पण टँकच्या विजेचा धोका त्यात दिसत नाही. तो दुसऱ्याच आकड्यात आहे.

डीबीमधली (घराच्या वीजपेटीतली) 6 अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका, 6000 मिलिअँपिअरपर्यंतचा करंट बिनतक्रार वाहू देते. माणसाच्या अंगातून 10 मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 मिलिअँपिअरच्या पुढे तो टिकून राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सहा हजारच्या तुलनेत तीस म्हणजे दोनशेवा भाग. तुमचा 100 वॅटचा हीटर एरवीही 430 मिलिअँपिअर घेतो. त्यात तीसची भर पडली तर एमसीबीला काय कळणार? तिचं काम तारा वाचवण्याचं आहे.

हे मला जानेवारीतल्या एका संध्याकाळी नीट कळलं. चिंचवडच्या घरी मी स्पंजने टँकची काच पुसत होतो. चार दिवसांपूर्वी उजव्या हाताच्या तर्जनीला नखाजवळ कापलं होतं. हात पाण्यात घातला की बरोबर त्या कापलेल्या जागी मुंगी चावल्यासारखं होई, आणि बाहेर काढला की थांबे. जखम झोंबतेय असं वाटून मी दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वेळी दुसरा हात टँकच्या लोखंडी स्टँडवर होता, आणि झिणझिणी कोपरापर्यंत आली. स्विच बंद करून हीटर बाहेर काढला. सक्शन कपच्या रबराखाली काचेला केसाएवढी चीर गेली होती, आत पाण्याचा एक थेंब होता आणि कॉइलच्या टोकाशी काळा डाग. पण हीटरचा लाल दिवा लागत होता, थर्मामीटर 26 अंश दाखवत होता, मासे निवांत फिरत होते. एमसीबी जागची हलली नव्हती. तो टँक ज्या स्पाइक गार्डवर होता, त्यावर 'सेफ्टी' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला होता.

तेव्हापासून कुणी टँकच्या वायरिंगबद्दल विचारलं, की मी कुठला पर्याय किती वॅट झेपवतो हे सांगत नाही. काच तडकल्यावर कुठला पर्याय काय करतो, ते सांगतो.

## चार पर्याय शेजारी शेजारी

| | काच तडकली, पाण्यात करंट आला तर | जादा लोड आला तर | खटपट |
|---|---|---|---|
| साधा एक्सटेन्शन बोर्ड किंवा स्पाइक गार्ड | काहीच होत नाही | फ्यूज किंवा कटआउट असेल तर बंद पडतो | आजच्या आज |
| स्वतंत्र पॉइंट आणि आरसीबीओ (गळती आणि जादा लोड, दोन्हींवर पडणारा खटका) | क्षणार्धात वीज तोडतो | बंद पडतो | वायरमन, एक दिवस |
| सॉकेटमध्ये खोचायचं आरसीडी (गळती दिसताच वीज तोडणारं साधन) | क्षणार्धात वीज तोडतं | बहुतेक वेळा काही करत नाही | चांगलं मिळणं अवघड |
| 12 किंवा 24 व्होल्टची साधनं | शॉक बसण्याइतका दाब पाण्यात नसतो | अडॅप्टर बंद पडतो | हीटर तरीही 230 वरच |

## स्पाइक गार्ड

स्पाइक गार्ड घेऊन आपण सुरक्षित झालो असं बहुतेकांना वाटतं. त्याचं काम समजून घ्या. लाइनमध्ये अचानक व्होल्टेज उसळलं, वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद झाली, तर ती उसळी तो स्वतः झेलतो आणि एलईडीचा ड्रायव्हर वाचवतो. महत्त्वाचं काम आहे, पण पाण्यातून तुमच्या अंगात जाणाऱ्या करंटशी त्याचा काही संबंध नाही.

तरी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हाच पर्याय हाताशी असतो, त्यामुळे तो नीट कसा वापरायचा हे सांगायला हवं. वायरची जाडी बघा. स्वस्त बोर्डांना 0.75 चौरस मिलिमीटरची तार असते, ती 6-7 अँपिअरच्या पुढे तापते. असा बोर्ड कन्व्हर्टर प्लग लावून 16 अँपिअरच्या पॉवर सॉकेटमध्ये खोचला, तर मागची एमसीबी 16 किंवा 20 ची असते. लोड वाढला की एमसीबी पडायच्या आधी तार वितळते. 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची थ्री-कोअर तार, आयएसआय मार्क आणि स्वतःचा फ्यूज किंवा कटआउट, हे तिन्ही असलेलाच घ्या. उरलेली वायर वेटोळं करून टँकमागे कोंबू नका.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिना. ती दिसायला इतकी क्षुल्लक असते की कुणी लक्ष देत नाही. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ फिल्टर आणि हीटर बाहेरच्या देशांसाठी बनलेले असतात, त्यांच्या टू-पिनची पिन 4 मिलिमीटर जाडीची असते. आपल्या 6 अँपिअर सॉकेटची भोकं 5 मिलिमीटरच्या पिनेसाठी. पिन आत जाते, दिवा लागतो, सगळं चालू दिसतं, पण ती आत डुलत असते. त्या ढिल्या जागी ठिणग्या उडतात आणि पितळ तापतं. 5 वॅटच्या एअर पंपाला ते महिनोन्महिने चालतं. हीटर मात्र दिवसातून पन्नास वेळा चालू-बंद होतो, आणि दर वेळी तिथे एक ठिणगी. त्या चिरलेल्या हीटरचा प्लग मी काढला तेव्हा सॉकेटचं पांढरं प्लॅस्टिक भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं, आणि पिनेच्या टोकाला बारीक खळगे पडले होते. तेवढ्याशा हीटरने हे केलं होतं.

उपाय सोपा आहे. हीटरचा बारीक पिनेचा प्लग कापून तिथे आयएसआय मार्कचा 6 अँपिअरचा प्लग बसवा. तार टू-कोअर असेल तर अर्थची पिन रिकामी राहील, पण पकड तरी घट्ट बसेल. हीटर वॉरंटीत असेल तर दुकानदाराला आधी विचारा. ते 'युनिव्हर्सल' मल्टिप्लग, ज्यात कुठलीही पिन जाते, हीटरसाठी वापरू नका. ज्यात सगळं बसतं त्यात काहीच घट्ट बसत नाही.

बोर्ड कुठे ठेवता यावरही खूप अवलंबून आहे. टँकचा स्टँड विकणारे बोर्ड खालच्या कपाटात ठेवायची सोय करून देतात. ती सगळ्यात वाईट जागा. पाणी वायरीवरून ओघळत थेट सॉकेटमध्ये उतरतं. बोर्ड भिंतीवर, टँकच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर लावा. खालीच ठेवावा लागला, तर प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झुलत जाऊन मग वर वळली पाहिजे, म्हणजे थेंब त्या झोळाच्या तळाशी गळून पडेल. आणि एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. लाइट गेली की टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून बोर्डावर येतं. व्हॉल्व्ह अगदी थोड्या पैशांत मिळतो.

## स्वतंत्र पॉइंट आणि आरसीबीओ

माझी शिफारस हीच आहे.

आरसीसीबी, जिला जुने वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात, फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहते. दोन्ही सारखे असले पाहिजेत. फरक पडला, म्हणजे काही करंट तिसऱ्या वाटेने जमिनीत चालला आहे. ती वाट तुमचं शरीरही असू शकतं. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असा फरक दिसताच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते, आणि गळती पाचपट असेल तर 40 मिलिसेकंदांत. आरसीबीओमध्ये हे काम आणि एमसीबीचं काम एकाच डब्यात असतं. चांगल्या कंपनीचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीबीओ साधारण दीड ते तीन हजारांत येतो. 10 किंवा 16 अँपिअर आणि 30 मिलिअँपिअर, असं स्पष्ट सांगून घ्या. 100 किंवा 300 मिलिअँपिअरची आगीपासून संरक्षणासाठी असते, माणसासाठी नाही. निवड असेल तर 'एसी' टाइपऐवजी 'ए' टाइप घ्या. एलईडीचे ड्रायव्हर आणि डीसी पंपाचे कंट्रोलर यांच्यातून होणारी गळती 'एसी' टाइपला कधी कधी ओळखू येत नाही.

"पण आमच्या फ्लॅटला मेनवर आरसीसीबी आहेच," असं काही जण सांगतात. असेल तर पाण्यात हात घालताना तुम्ही माझ्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित होता. पण माशांच्या बाजूने विचार करा. अख्ख्या घराची मिळून एकच आरसीसीबी असेल, तर गिझर किंवा वॉशिंग मशीनमध्ये ओल गेली तरी टँकची वीज जाते. तुम्ही दोन दिवस बाहेरगावी असाल तर परत आल्यावर काय दिसेल, ते लिहवत नाही. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण थोडी थोडी गळती करतंच. ती बेरीज होत जाते, आणि 30 ची आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकते. टँकचा आरसीबीओ वेगळा असला की गिझरचं भांडण गिझरपाशी राहतं. त्यासाठी टँकची फेज आणि न्यूट्रल मेन आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यावी लागते. वायरमनला हे नेमकं सांगा. नाहीतर तो आरसीसीबीच्या पुढे आरसीबीओ बसवून देतो आणि दोन्ही एकदम पडतात.

जुन्या घरात अडचण येते ती कॉमन न्यूट्रलची. हॉल आणि बेडरूमच्या दोन वेगळ्या फेज, पण तारा वाचवायला न्यूट्रल एकच ओढलेली. आरसीबीओ बसवला की तो लगेच पडतो, कारण टँकच्या फेजमधून गेलेला करंट दुसऱ्याच न्यूट्रलमधून परतत असतो. आमच्याकडे हेच झालं. वायरमनने दोनदा खटका वर केला, दोनदा तो पडला. "साहेब, पीस खराब दिसतोय, साधी एमसीबी टाकून देतो," तो म्हणाला. पीस चांगला होता. टँकसाठी डीबीपासून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन नव्या तारा, 2.5 चौरस मिलिमीटरच्या, केसिंगपट्टीतून आणल्या, आणि त्यानंतर तो विनाकारण एकदाही पडला नाही. एवढ्या जाड तारेची टँकला गरज नव्हती. पण उद्या त्या पॉइंटवर कुणी काही लावलं तरी तार तापणार नाही, आणि 1.5 मध्ये नि 2.5 मध्ये पैशांचा फरक थोडाच पडतो. तुमचा वायरमनही "काढून टाकतो" म्हणाला तर त्याला थांबवा आणि न्यूट्रल शोधायला सांगा.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज आहे. आरसीसीबीला अर्थिंग लागत नाही, ती अर्थिंगशिवायही पडते. पण अर्थिंग नसेल तर स्टँडमध्ये उतरलेली गळती तिथेच वाट बघत राहते, आणि तुम्ही स्टँडला हात लावाल तेव्हा आरसीसीबी पडते. म्हणजे पहिला झटका तुम्हालाच. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच ती पडलेली असते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत थ्री-पिन सॉकेट असतं, हिरवी तारही असते, पण ती भिंतीत कुठेतरी संपते. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघा. आरसीसीबी तत्क्षणी पडली पाहिजे. नुसतं 'टेस्ट' बटण दाबून अर्थिंगची खात्री होत नाही, ते बटण आतल्या आतच फरक निर्माण करतं. तरीही दर महिन्याला ते दाबाच. न हलवलेला खटका जाम होतो, आमच्या दमट हवेत तर लवकर.

काही जण टँकच्या पाण्यात अर्थची टायटॅनियमची कांडी टाकतात. आरसीसीबी असेल तर ती उपयोगाची आहे, हीटर तडकताक्षणी वीज तुटते. आरसीसीबी नसेल तर टाकू नका. पाण्यातल्या करंटला कायमची वाट मिळते, एमसीबी तशीच राहते, आणि पाण्यातून करंट अखंड वाहत राहतो.

## सॉकेटमध्ये खोचायचं आरसीडी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, तिथे असे प्लग हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतात. अमेरिकेत भिंतीतलं सॉकेटच जीएफसीआयचं (आरसीडीचंच तिकडचं नाव) घेता येतं, आणि ते 5 मिलिअँपिअरच्या आसपासच वीज तोडतं. भारतात मात्र ऑनलाइन दिसणारी बरीच परदेशी पिनांची असतात, आणि मग पुन्हा मल्टिप्लग लावावा लागतो, म्हणजे ढिल्या पिनेचं दुखणं परत आलं. आपल्या पिनांचं, 30 मिलिअँपिअर लिहिलेलं मिळालं तर भाडेकरूने जरूर घ्यावं.

न मिळाल्यास भाड्याच्या घरासाठी मी दुसरा मार्ग सुचवतो. वायरमनकडून एका प्लॅस्टिकच्या डब्यात आरसीबीओ आणि दोन सॉकेट बसवून, पुढे जाड थ्री-कोअर वायर आणि 6 अँपिअरचा प्लग जोडून घ्या. घर बदललं की डबा सोबत जातो. माझ्या ओळखीतल्या दोन विद्यार्थ्यांनी तसा करून घेतला आहे.

## 12 आणि 24 व्होल्ट

हल्ली फिल्टरचे पंप, वेव्हमेकर आणि लाइट डीसीवर चालणारे मिळतात. अडॅप्टर भिंतीवर राहतो आणि पाण्यात फक्त 12 किंवा 24 व्होल्ट जातात. वायर कुरतडली गेली तरी शॉक बसत नाही. पंपाचा वेगही कमी-जास्त करता येतो. किंमत जास्त असते.

पण टँकमधलं सगळ्यात धोक्याचं यंत्र हीटर आहे, आणि तो 230 वरच चालतो. बाकी सगळं डीसीवर नेऊन हीटर साध्या बोर्डावर ठेवला, तर खर्च भलत्या जागी झाला. आधी आरसीबीओ, पैसे उरले तर डीसी पंप. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात बहुतेक माशांना हिवाळ्यातही हीटर लागत नाही. तिथे हीटरच नसेल तर सगळा टँक कमी व्होल्टेजवर नेणं खरोखर शक्य आहे, आणि तिथे मी हाच पर्याय पहिला धरेन. अडॅप्टर मात्र नावाजलेल्या कंपनीचा असावा. स्वस्त अडॅप्टरमध्ये 230 आणि 12 व्होल्टच्या मधलं इन्सुलेशन दुबळं असलं, तर सगळा मुद्दाच संपला.

## हीटर: एक मोठा की दोन लहान

पुणे, नाशिक, निफाडकडच्यांसाठी हा प्रश्न खरा आहे. 240 लिटरला 300 वॅटचा एक घ्यावा की 150 चे दोन? वॅट सारखेच, बिल सारखंच येतं. फरक पडतो तो हीटर बिघडल्यावर. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले तर हीटर बंदच होत नाही. 300 वॅट 240 लिटर पाणी कागदावर तासाला एक अंशाहून थोडं जास्तच तापवतात. रात्री अकराला चिकटला तर सकाळी सातपर्यंत, बाहेर जाणारी उष्णता वजा केली तरी, मासे धोक्यात येतात. 150 वॅटला एका अंशासाठी दोन तासांच्या आसपास लागतात, आणि थंड खोलीत त्यातलं पुष्कळसं काचेतून निघून जातं. तुम्हाला उठून बघायला वेळ मिळतो. उलट दोघांपैकी एक बंद पडला तरी दुसरा पाणी गार पडू देत नाही. म्हणून मी दोनच घेतो.

त्यांच्या आधी बाहेरचा तापमान कंट्रोलर लावला तर आणखी चांगलं. हीटरचा स्वतःचा काटा 27 वर, कंट्रोलर 26 वर. मग एक चिकटला तरी दुसरा तोडतो. कंट्रोलरचा सेन्सर पाण्याबाहेर पडणार नाही एवढं बघा. तो बाहेर पडला तर खोलीचं तापमान पाण्याचं समजून हीटर चालूच ठेवला जातो, आणि तेव्हा हीटरचा स्वतःचा काटा एवढाच आधार उरतो.

## लाइट गेल्यावर

टँकला आधी हवा हवी असते, उष्णता नंतर. कॅनिस्टर बंद डब्यात असतो, तो थांबला की आतल्या जिवाणूंचा प्राणवायू काही तासांत संपतो आणि पाणी नासतं. खूप वेळाने वीज आली, तर कॅनिस्टर उघडून स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून मग सुरू करा.

घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि एअर पंप त्यावर घ्या, दोन्ही मिळून 30 वॅट होतात, जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. हीटर घेऊ नका, 300 वॅट म्हणजे चार पंखे. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर हे छोटे पंप गुणगुणतात आणि तापतात. बॅटरीवर असतानाही टँकच्या आरसीबीओचं संरक्षण टिकतं का, हे वायरिंगवर ठरतं. वायरमनला मेन बंद करून, बॅटरीवर असतानाच बल्बची तीच चाचणी परत करायला लावा.

इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवरचा एअर पंप आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक पुरते. पंप दीड वॅटचा असेल तर तूट धरूनही वीस तासांच्या आसपास चालतो. काही पॉवर बँका फार कमी करंट घेतला तर आपोआप बंद होतात, म्हणून आधी एक दिवस चालवून बघा.

## खारं पाणी आणि विदर्भातला उन्हाळा

समुद्री टँक असेल तर वरच्या निवडीत चर्चेला जागा उरत नाही, आरसीबीओ हवाच. खारं पाणी नळाच्या पाण्याच्या शंभर पटीच्या आसपास वीज वाहतं. त्याची सूक्ष्म तुषारं उडून मिठाचा पांढरा थर वायरीवरून प्लगपर्यंत चढतो. दर आठवड्याला तो ओल्या फडक्याने पुसा, स्विच बंद करून.

नागपूर-अकोल्याकडे उलट प्रश्न असतो. तिथे पाण्यावर वारा घालणारे छोटे पंखे कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरवतात आणि वीज जवळजवळ घेत नाहीत. चिलर शेकड्यांत वॅट खातो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्याला एक्सटेन्शन बोर्डावर लावूच नका, सरळ भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर द्या.

## पाणी बदलताना आणि गावी जाताना

आरसीबीओ बसवल्यानंतरही मी पाण्यात हात घालायच्या आधी सगळं बंद करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाताला लागले तर आरसीबीओला तुम्ही आणि बल्ब यांच्यातला फरक कळत नाही. हीटर पहिल्यांदा, आणि मग पंधरा मिनिटं थांबायचं, कारण गरम काच पाण्याबाहेर आली की तडकते. माझ्या हीटरची चीर अशीच गेली असणार. पाण्याची पातळी हीटरवरच्या किमान खुणेच्या वर आली की मगच तो परत चालू करायचा.

आणि ज्यांच्याकडे गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघताना मेन स्विच बंद करायची रीत आहे, त्यांनी टँकचा आरसीबीओ बाकी घराच्या मेनपासून वेगळा ठेवून घ्यावा, म्हणजे घर बंद करूनही टँक चालू राहतो. आमच्या डीबीत त्या खटक्याखाली आईच्या अक्षरातली एक पट्टी चिकटवलेली आहे: "मासे. बंद करू नका. पडला असेल तर एकदाच वर करा, पुन्हा पडला तर फोन करा." किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि पट्टीवर माझा नंबर आहे.